मागच्या सीटवरचं त्रिसरण

राजेंद्रच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणणंही तितकंसं खरं नाही, कारण विलास मेश्राम ते पत्र रोज बघत. जे पुस्तक वाचायला घेतलेलं असेल त्यात खूण म्हणून तेच ठेवलेलं असे, आणि दोन हिवाळ्यांत ते कितीतरी पुस्तकांतून फिरून आलं होतं. घडीवर ते आता कापडासारखं मऊ पडलं होतं.

पत्र लहानच होतं. राजेंद्रला लांबण लावायची सवय नव्हती. औरंगाबादच्या वसतिगृहात दोघं एका खोलीत राहिले, पुढे वर्षाच्या अंतराने इंग्लंडला आले, एक मँचेस्टरला इंजिनिअर झाला, दुसरा वॉटफर्डला एका कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटला. फोन आले, ईमेल आले, तरी दोघांनी पत्रं सोडली नाहीत. राजेंद्रने लिहिलं होतं:

‘मोटार विकली. तीनचाकी इलेक्ट्रिक सायकल घेतली आहे. मागे पेटी आहे, आठवड्याचा बाजार तीत मावतो. इथल्या पावसात लोक मला वेडा म्हणतात. म्हणू देत. आता तू सांग. शहरातल्या माणसाला मोटार लागतेच का? या सायकली आणि स्कूटर मोटारींची जागा घेतील का? तू वाचणारा माणूस आहेस, पण मला वाचलेलं नको. तुझं सांग.’

सगळं घोडं अडलं ते त्या शेवटच्या दोन शब्दांवर. कुणाचं मत कुठल्या कपाटात सापडेल हे मेश्रामांनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं. स्वतःचं मत कधी कुणी मागितलं नव्हतं, आणि मागितलं असतं तर ते अगोदर कपाटं धुंडाळायला गेले असते. तेच त्यांनी याही वेळी केलं. पत्र आलं त्याच दिवशी पाकिटावर राजेंद्रचा पत्ता घातला, तिकीट लावलं, आणि वाचायला बसले.

वाचावं तितकं प्रकरण वाढत गेलं. शहरातल्या बऱ्याचशा फेऱ्या जवळच्याच असतात, आणि पाच जणांच्या मोटारीत बहुधा एकटा माणूस बसलेला असतो, हे खरं. इलेक्ट्रिक सायकलीला चढ जाणवत नाही, हेही खरं. परंतु पाऊस आहे, बर्फ आहे, चोर आहेत. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने बॅटरी कुठे लावायची? उभं राहून चालवायची ती इलेक्ट्रिक स्कूटर भाड्याची असेल तर काही शहरांत चालते, स्वतःची रस्त्यावर आणली तर पोलीस उचलून नेतात. आणि ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांनी काय करायचं? मेश्राम ‘प्रिय राजेंद्र, जय भीम’ असं लिहून सुरुवात करत, आणि प्रत्येक परिच्छेद ‘परंतु’वर येऊन बसकण मारी.

शिवाय एक गोष्ट अशी होती की जी ते कागदावर आणायला तयार नव्हते. घरासमोर त्यांची स्वतःची चंदेरी मोटार उभी होती, आणि तिच्यावाचून आपलं काय होईल याचा विचार करायची त्यांना छाती नव्हती.

मेश्राम एकटे होते. लग्न राहून गेलं. स्वभावाने ते इतके भिडस्त की बसमध्ये उतरायची घंटा दुसऱ्या कुणी वाजवावी म्हणून वाट बघत आणि कधीकधी एक थांबा पुढे जात. अशा माणसाला चार लोकांत जागा मिळवून दिली ती मोटारीने. दर रविवारी उत्तर वॉटफर्डमधल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धवंदना असे. भीमाबाई वासनिक आणि राजश्रीताई ढोके या दोघींना घरून घेऊन जायचं आणि परत सोडायचं, हे काम मेश्रामांकडे कितीतरी वर्षं होतं. शनिवारी संध्याकाळी ते भीमाबाईंना फोन करत.

“उद्या दहाला येतो.”

“या,” भीमाबाई म्हणत.

एवढंच बोलणं. हॉलमध्ये वंदना झाली की चहा असे, पोहे असत, गप्पा रंगत. मेश्राम तेवढ्यात गाडी वळवून ठेवायच्या निमित्ताने बाहेर पडत आणि गाडीतच बसून पुस्तक वाचत. कुणी विचारलं तर भीमाबाई सांगत, “ते गाडी राखतात.” कॉलेजात काउंटर होतं, इथे स्टिअरिंग होतं. मध्ये काहीतरी असलं की मेश्रामांना माणसं सोसत.

दोघी बाया मागच्या सीटवर बसत. पुढे बसायचा आग्रह मेश्रामांनी एकदा करून पाहिला होता. “नको भाऊ, मागेच बरं,” असं दोघी एका सुरात म्हणाल्या होत्या. अलीकडे त्यांची श्रद्धा फार वाढल्याचं मेश्रामांच्या लक्षात आलं होतं. गाडी निघाली की दोघी गप्प होत, आणि राउंडअबाउट आला की त्रिसरण, ‘बुद्धं सरणं गच्छामि’, म्हणायला लागत. राउंडअबाउट लहान असला तर एकदाच. डोम नावाचा मोठा राउंडअबाउट आला, जिथे चहूकडून गाड्या अंगावर येतात, की तिन्ही वेळा, आणि तेही जरा चढ्या आवाजात. मेश्रामांना या भक्तीचं कौतुक वाटे. अडथळा नको म्हणून त्यांनी गाडीतला रेडिओ लावणं बंद केलं होतं.

मार्चमध्ये एका रविवारी दोघींना सोडून ते एकटे परतत होते. सेंट अल्बन्स रोडवर डावीकडे वळताना मोटारीच्या टपावर धाडकन थाप बसली. त्यांनी ब्रेक मारला. पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी घेतलेला एक जण इलेक्ट्रिक सायकलवर, त्यांच्या दाराला जवळजवळ चिकटून उभा होता.

“आंधळा आहेस का?” तो इंग्रजीत ओरडला, आणि निघूनही गेला.

दुसरा कुणी असता तर त्याला चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. मेश्रामांचं तसं नव्हतं. समोरचा म्हणतो ते बरोबर असेल, अशी त्यांची नेहमीच पहिली समजूत असे. तो माणूस आला कुठून, हे त्यांना काही केल्या आठवेना. म्हणून मंगळवारी ते डोळे तपासायला गेले.

चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने त्यांना एका यंत्रात डोकं घालायला लावलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. मेश्रामांनी मन लावून दाबलं. कागद हातात आला तेव्हा डाव्या बाजूचा बराचसा भाग काळा होता. तिथे ठिपके आले होते आणि गेले होते. ग्लॉकोमा, म्हणजे काचबिंदू असावा, ती म्हणाली. हॉस्पिटलला लिहिते. लायसन्सवाल्यांना तुम्ही कळवायचं, आणि तोपर्यंत गाडी चालवायची नाही.

“म्हणजे रविवारीसुद्धा नाही?” मेश्रामांनी विचारलं.

तिला वाटलं ते विनोद करताहेत. ती हसली.

मेश्रामांनी त्याच दिवशी कळवलं. नियम मोडायचा त्यांच्या मनात विचारही आला नाही. पण शनिवारची संध्याकाळ आली आणि फोन हातात घ्यायची हिंमत होईना. गाडी येणार नाही म्हटल्यावर भीमाबाई जाणार कशा? त्यांचा मुलगा दूर रीडिंग गावी, त्याला रविवारशिवाय झोप नाही. टॅक्सीला त्या तयार नसत. पंच्याऐंशीच्या घरातल्या बाईला दोन बस बदलायला सांगायचं का? आठवड्यातून एकदा ती घराबाहेर पडते, तेही आपण काढून घ्यायचं. आणि या सगळ्याच्या तळाशी, फळीमागे झुरळ बसावं तसा दुसराच एक प्रश्न दबा धरून होता. गाडी नाही, तर मेश्राम कशाला हवेत?

फोन झाला नाही. रविवारी सकाळी ते बसने निघाले, एक थांबा पुढे उतरले, आणि चालत मागे येऊन भीमाबाईंच्या दारात उभे राहिले. दार त्यांची नात कल्याणी हिने उघडलं. ती नर्स होती, आजीबरोबरच राहायची. वॉटफर्डला जन्मलेली, त्यामुळे तिच्या मराठीत शब्दांची लिंगं हवी तशी बदलत, पण बोलायला ती कधी लाजत नसे.

“जय भीम काका! एवढा लवकर? गाडी कुठे पार्क केला?”

“गाडी नाही आणली,” मेश्राम म्हणाले.

भीमाबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, वर कोट घालून खुर्चीत तयार बसल्या होत्या. मेश्राम उभेच राहिले. वाटेत मनाशी जुळवून आणलेली वाक्यं आठवेनात, तेव्हा त्यांनी यंत्रापासून सुरुवात केली, मग ठिपके, मग काळा भाग. “म्हणजे आता मला गाडी चालवता येणार नाही,” ते शेवटी म्हणाले. “आज नाही आणि बहुतेक पुढेही नाही. फार वाईट वाटतं, भीमाबाई. तुमची फार गैरसोय होणार.”

भीमाबाईंनी डोळे मिटले. मेश्रामांना वाटलं, धक्का बसला.

“सुटलो बाई एकदाच्या,” भीमाबाई म्हणाल्या.

“आज्जी!” कल्याणी ओरडली.

“आज्जी काय? खोटं बोलू का? अहो विलासभाऊ, दोन वर्षं जीव मुठीत धरून बसतोय आम्ही. त्या राजश्रीने तर मागच्या महिन्यात मुलाला सांगून ठेवलं होतं, माझ्या सोन्याच्या पाटल्या कुठे आहेत ते.”

मेश्रामांना आधी कळेचना. “पण तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“कशा बोलणार? एवढा भला माणूस, स्वतःचं पेट्रोल जाळून नेतो. गाडीत बसायचं नाही म्हटलं तर तुम्हाला काय वाटेल? राजश्री म्हणायची, तू सांग. मी म्हणायची, तू सांग. शेवटी ठरलं, त्यांच्यासाठी बसायचं. रविवारचा त्यांना तेवढाच विरंगुळा आहे.”

“मी तुमच्यासाठी चालवत होतो,” मेश्राम म्हणाले.

“घ्या!” भीमाबाईंनी कपाळावर हात मारला. “आणि आम्ही तुमच्यासाठी मरायला निघालो होतो.”

कल्याणी भिंतीला टेकून हसू दाबत होती. मेश्रामांच्या डोक्यात मात्र हळूहळू दुसरंच काही जुळत होतं.

“मग ते त्रिसरण?” त्यांनी विचारलं.

भीमाबाईंनी जरा खाली पाहिलं. “वंदना ती वंदनाच, भाऊ. मनापासूनच म्हणायचो. डोमच्या राउंडअबाउटवर जितक्या मनापासून म्हटलं, तितकं हॉलमध्ये कधी म्हटलं नाही.”

मेश्राम खुर्चीत बसले. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं जी एक गोष्ट आपल्याला बरी जमते असं वाटत होतं, तीही नव्हतीच जमत. असंच असणार, असं आतून कुणीतरी म्हणालं, आणि तो आवाज त्यांच्या फार ओळखीचा होता.

“मग तुम्ही जा,” ते उठत म्हणाले. “काहीतरी व्यवस्था होईलच. मी घरी जातो.”

“व्यवस्था झाला आहे, काका,” कल्याणी म्हणाली. “बाहेर या ना.”

घराच्या बाजूच्या शेडमधून तिने जे बाहेर काढलं त्याबद्दल मेश्रामांनी फक्त वाचलेलं होतं. तीनचाकी इलेक्ट्रिक सायकल. दोन चाकं पुढे, त्यांच्यावर दोघांना पुरेल असा गादीचा बाक आणि वर पावसाला टप. मागे एक चाक आणि चालवणाऱ्याची जागा. गल्लीतल्या काही लोकांनी मिळून म्हाताऱ्यांना फिरवायला ती घेतली होती. कल्याणी महिनाभर चालवायला शिकत होती. काकांना सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता, म्हणून सायकल शेडमध्ये झाकून ठेवलेली.

“काल फोन नाही आला, म्हणून बॅटरी फुल चार्ज केला. हॉट वॉटर बॉटल पण ठेवला. आज्जी, बस.”

भीमाबाई साडी सावरून बसल्या आणि शेजारची गादी थोपटली. “या.”

“मी कशाला?” मेश्राम म्हणाले. “मी आता... म्हणजे काम काय माझं तिथे?”

“काम? तुम्ही काय ड्रायव्हर म्हणून येत होता का वंदनेला?”

होय, असंच खरं उत्तर होतं. मेश्रामांना ते बोलता आलं नाही आणि खोटंही बोलता आलं नाही, म्हणून ते बसले.

सायकल सुरू झाली तेव्हा काही आवाजच झाला नाही. मेश्रामांना पहिल्यांदा जाणवलं ते हे की समोर काच नाही, हातात काही नाही, आणि शेजारी माणूस आहे. बाजूबाजूला बसल्यावर गप्प राहणं पुस्तकात डोकं घातल्याशिवाय कठीण असतं. कल्याणीने मोठा रस्ता टाळून आतल्या गल्ल्या घेतल्या, मग कॅसिओबरी पार्कच्या कडेचा रस्ता. मोटारीपेक्षा दुप्पट वेळ लागणार हे उघड होतं. भुरभुर पाऊस सुरू झाला. टप होता, पण वारा समोरून येत होता आणि गुडघे गारठत होते. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिने हात हलवला. भीमाबाईंनी राणीसारखा हात हलवला.

“मोटारीत कुणी असं बघत नाही हो आपल्याकडे,” त्या म्हणाल्या.

मग मेश्रामांनी त्यांना राजेंद्रच्या पत्राचं सांगितलं. का सांगितलं हे त्यांनाही कळलं नाही. तो प्रश्न सांगितला, दोन हिवाळे वाचलेलं सांगितलं, ‘परंतु’ही सांगितले. भीमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“एवढं वाचलंत तर चालवून का नाही बघितली?”

“पडलो असतो.”

“तेही खरं,” भीमाबाई म्हणाल्या. “पण लिहा त्याला, एक ब्लँकेट पुरत नाही. दोन पाहिजेत.”

मागून कल्याणी म्हणाली, “आज्जी, आता मोठा क्रॉसिंग येतो. गप्प बस जरा.”

मोठा रस्ता एका जागी ओलांडावाच लागत होता. दिवा हिरवा झाला आणि तिन्ही चाकं मध्यावर गेली तेव्हा उजवीकडून वळणारी एक काळी जीप ब्रेकचा आवाज करत त्यांच्यापासून हातभरावर थांबली. जीपचं नाक बाकापेक्षा उंच होतं. मेश्रामांच्या तोंडून काय बाहेर पडतंय ते त्यांना पलीकडच्या फुटपाथला लागल्यावरच कळलं. ते त्रिसरण म्हणत होते, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत आले होते.

भीमाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. “आता कळलं?”

मेश्राम हसले. त्यांना हसताना कल्याणीने कधी पाहिलं नव्हतं, आणि ती मागे बसली होती म्हणून तिला आताही दिसलं नाही. पण बाक हलत होता तो तिला दिसला.

हॉलच्या दारात राजश्रीताई होत्या. कल्याणीने निघताना फोन केला होता, म्हणून त्यांना त्यांचा मुलगा पुष्कर मोटारीने घेऊन आला होता. बसलं की त्यांचा उजवा गुडघा सरळच ठेवावा लागे, त्यामुळे सायकलच्या बाकावर त्यांना जागा होणं शक्य नव्हतं. कल्याणीने मोजूनही पाहिलं होतं म्हणे. राजश्रीताईंनी मेश्रामांना बाकावरून उतरताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मेश्रामांना ते जरा लागलंच.

वंदना झाली. चहा आला. मेश्राम सवयीने उठले, दारापर्यंत गेले, आणि थांबले. बाहेर त्यांची गाडी नव्हती. पावसात ती तीनचाकी तेवढी उभी होती, आणि तिच्यात बसून पुस्तक वाचणं म्हणजे प्रदर्शनच झालं असतं. ते परत वळले. पुष्करने हातात पोह्यांची बशी दिली.

“काका, तुम्ही पोहे खाता? आई म्हणायची तुम्हाला बाहेरचं चालत नाही.”

“चालतं,” मेश्राम म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “लिंबू असेल तर.”

त्यांच्याभोवती फार काही घडलं नाही. कुणी भाषण मागितलं नाही, कुणी आभार मानले नाहीत. राजश्रीताई शेजारी येऊन बसल्या आणि पुष्करला एक रविवार आड ड्यूटी असते, त्या दिवशी आपण यायचं कसं, हे बराच वेळ बोलत राहिल्या. मेश्राम ऐकत राहिले. बशी रिकामी झाल्यावरही ते बसून होते.

परतताना ऊन पडलं होतं. भीमाबाईंना दारात उतरवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “शनिवारी फोन येईल ना?”

“कशाला? मी आता न्यायला येणार नाही.”

“गाडी नसली म्हणून फोन बंद करायचा नसतो, विलासभाऊ. काल संध्याकाळी फोन आला नाही, तर मी हिला सांगितलं, मेश्रामांच्या घरी जाऊन बघून ये, पडलेबिडले नाहीत ना. ही ड्यूटीला निघालेली होती, नाहीतर आलीच असती.”

घरी आल्यावर मेश्रामांनी कोटही काढला नाही. टेबलाशी बसले, पुस्तकातून राजेंद्रचं पत्र काढलं, आणि कोरा कागद पुढे ओढला. बाजूला कात्रणांची फाइल होती. तिला त्यांनी हात लावला नाही.

‘प्रिय राजेंद्र, जय भीम.

उशीर झाला. तू मला माझं विचारलं होतंस, म्हणून माझ्यापुरतंच लिहितो. भीमाबाईंना मोटार लागत नाही. राजश्रीताईंना लागते, आणि त्या माझ्या मोटारीपेक्षा दुसऱ्या कुणाच्याही मोटारीत सुखी आहेत. बर्फ पडेल त्या रविवारी काय, हे अजून ठरलेलं नाही. वेळ दुप्पट लागतो. ब्लँकेटं दोन लागतात, हे मत भीमाबाईंचं आहे, पण मलाही ते पटलं. सगळ्या शहराचं मला विचारू नकोस, मला खरंच माहीत नाही. माझी मोटार मात्र आता उभीच राहणार आहे. डोळे गेले आहेत, डावीकडचे थोडे. तेव्हा विकून टाकतो.

एक विचारायचं आहे. तुझ्या सायकलच्या पेटीत बाजार मावतो असं लिहिलं होतंस. माणूस मावतो का? पुढच्या महिन्यात ट्रेनने येईन म्हणतो.

विलास.’

त्यांनी पत्र परत वाचलं. एकही ‘परंतु’ नव्हता. एखादा घालावा का, असा विचार आला, आणि त्यांनी घाईघाईने घडी घातली. दोन हिवाळ्यांपूर्वी पत्ता घातलेलं पाकीट खणातच होतं, पण त्यावरचं तिकीट राणीचं, बारकोड नसलेलं. ते आता चालत नव्हतं. त्यांनी शेजारी नवीन तिकीट लावलं.

पोस्टाची पेटी कोपऱ्यावर होती. चंदेरी मोटारीला वळसा घालून ते गेले, रस्ता ओलांडताना मान पुरती डावीकडे वळवून पाहिली, आणि पुन्हा एकदा पाहिली. एक मुलगी इलेक्ट्रिक सायकलवरून आवाज न करता गेली. ती जाईपर्यंत ते थांबले. मग पलीकडे जाऊन त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.